कुठल्या पट्टीच्या तारा?

गाण्यातली माझी पट्टी कोणती, म्हणजे माझा 'सा' कुठल्या सुरावर, हे आज मला सांगता आलं नाही. दुपारपासून ते मनातून जात नाहीये.

प्रश्न साधा होता. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजता नाद देणारी घोडीवरची घासणी, काढून झाली होती. घोडीवर तारांनी पाडलेल्या खाचा वाद्यं दुरुस्त करणाऱ्या चाचांनी घासून घासून सपाट केल्या होत्या. पांढरी भुकटी फुंकरीने उडवत त्यांनी विचारलं, "ताई, कुठल्या पट्टीच्या तारा लावू?" त्यांना विचारणं भागच होतं. काळी चारची, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीची, तार खालच्या सुराला उतरवली की ढिली पडते, जवारी बोलत नाही, तार नुसती फडफडते. मोबाईलमधल्या तंबोऱ्याला बोटाने पट्टी सरकवली की झालं, वाटल्यास रोज बदला. खऱ्या तंबोऱ्याला मात्र आधी ठरवून सांगावं लागतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सतारीकडे वळले.

बाजीराव रोडवरून घरी येईपर्यंत मी स्वतःला विचारत होते, की "काळी चार" एवढं म्हणायला काय झालं होतं? मला गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवून दिलेली पट्टी. नाव विचारलं की नाव सांगावं तशी मी ती सांगत आले. हा तंबोराही त्याच पट्टीचा म्हणून मिरजेहून आणलेला, अण्णांनी मांडीवर आडवा धरून, रेल्वेने.

पण काळी चारला आता माझा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागत नाही. पंचमापर्यंत कशीबशी जाते, पुढे गळा आवळला जातो. महिनाभर गाडी तिथेच अडते आहे. सर्दी झाली, धूळ आहे, मेट्रोची कामं, सगळी कारणं देऊन झाली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की पाळी गेल्यावर स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली येतो, हे स्वाभाविक आहे. स्वाभाविक आहे हे मलाही कळतं. पण मी बाईंकडे होते तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की आवाज थांबत नसतो. मधली सगळी वर्षं मी धरून चालले होते की गवसणीत तंबोरा जसा आहे तसा राहील, तसा गळाही राहील. बँकेच्या बदल्या, मग आईंचं अंथरूण, मग अनिरुद्धचं ते सगळं. तेव्हा गाणं बाजूला ठेवलं ते जपून ठेवते आहे असं समजून. ज्या वर्षांत तो गळा होता त्या वर्षांत मी गायले नाही, आणि आता बसायला सवड आहे तर तो गळा नाही. संध्याकाळी हेच घोकत बसले होते. जेवणही धड झालं नाही.

आणि नेमकं काय बोचतंय तेही कळत नव्हतं. वय झालं याचं फार वाईट वाटत नाही, आरशाशी माझं कधीच भांडण झालं नाही. मग दीड स्वर खाली उतरायला एवढं जड का जातंय? पांढरी चार म्हटलं की कमीपणा आल्यासारखं का वाटतं? खालची पट्टी म्हणजे खालची पायरी, असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. मीच केव्हातरी तसं ठरवून टाकलं असणार.

मग गंगूबाई हनगल लावल्या. तीसच्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्डमधला आवाज बारीक, उंच, अगदी मुलीचा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो भारदस्त झाला, इतका की ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटावा. आणि पुढची कितीतरी दशकं त्या त्याच आवाजात गायल्या. दोन्ही रेकॉर्ड आज लागोपाठ ऐकल्या. आधी वाटायचं, पहिला आवाज गेला याचं त्यांना किती दुःख झालं असेल. झालंही असेल. पण आज ऐकताना पहिलीत मी त्यांना शोधत होते आणि दुसरीत त्या समोर बसलेल्या होत्या. गाणं दोन्हीकडे आहे. माणूस मात्र मला दुसरीत भेटलं.

तेव्हा कुठे बरं वाटलं, आणि दरबारी राग आठवला.

बाईंनी मला दरबारी शिकवला नाही. मी मागितला होता. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा उत्तररात्री, शालीत गुरफटून, तो पहिल्यांदा नीट ऐकला होता. (आता दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे त्या वेळचे राग त्या वेळी मैफलीत कानावर पडणं किती विरळ झालंय. याची मला मनापासून हळहळ वाटते.) दुसऱ्याच दिवशी बाईंकडे हट्ट धरला. त्या म्हणाल्या, "मंद्रात, खालच्या सप्तकात, तुझा आवाज अजून नुसता हवेचा आहे. थांब." मी मालकंस घेतला आणि गप्प बसले.

आज साडेअकराला दार लावून मोबाईलवर पांढरी चारचा तंबोरा लावला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. षड्जावरून खाली उतरत गेले. कोमल धैवत, त्यावरून कोमल निषाद, मग मंद्र पंचम. पंचमावर आवाज टेकला. कापला नाही, हवा झाला नाही. छातीच्या हाडावर हात ठेवला तर तिथे तो वाजत होता. काळी चारच्या दिवसांत ही जागा माझ्याकडे नव्हती. तिथे पुन्हा पुन्हा जाऊन आले. तार षड्ज गेला याचं दुःख मिटलं असं म्हणणार नाही, ते राहणार आहे. पण पट्टीचं ठरलं. पांढरी चार. खर्जाची तार जरा जाड लावायला सांगेन.

गंधार मात्र जमला नाही. दरबारीचा गंधार नुसता कोमल लावून भागत नाही, तो रिषभाच्या आधाराने संथ झुलवावा लागतो, आणि ते आंदोलन किती, कुठवर, हे वहीत लिहिलेलं नसतं. समोर बसूनच घ्यावं लागतं. बाई नाहीत. त्यांनी दरबारी माझ्याबरोबर शिकणाऱ्या शमाला शिकवला होता. मी मागितल्यानंतर चारच महिन्यांनी, माझ्यादेखत. ती अढी मी इतकी वर्षं बाळगली, तिच्या मुलीच्या लग्नातसुद्धा. शमाला माहीत आहे की नाही, कोण जाणे.

तिला रविवारी फोन करायचा. ती कर्वेनगरलाच आहे. ते जुनं काढायचं की सरळ "गंधार दे" म्हणायचं, अजून ठरत नाहीये.