तुम्ही विचारलंत म्हणून: तज्ज्ञच नाही, तर शिकवून काय होणार?

व्यसनमुक्तीची प्रशिक्षणं घेते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. "खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, केंद्र कोसो दूर. मग तिथल्या नर्सला नि समुपदेशकाला चार दिवस वर्गात बसवून काय साधतं?" काही जण खोचकपणे विचारतात, पण प्रश्न रास्त आहे.

चार दिवसांत तज्ज्ञ घडत नाही, हे आधीच सांगते. पण रुग्णाचा बहुतेक काळ तज्ज्ञापासून लांबच जातो आणि जिवावर बेततं तेही त्याच काळात. तेव्हा जवळ कोण आहे आणि त्याला काय ठाऊक आहे, हा खरा मुद्दा.

दारूचंच घ्या. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बाटली बंद केली की घरात आनंदीआनंद होतो. काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. हे डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून वर्गात पहिल्याच दिवशी घोकून घेते: शेवटचा घोट कधी घेतला? पूर्वी सोडताना फिट आली होती का? उत्तर 'हो' असेल तर घरी ठेवायचं नाही, रुग्णालयात पाठवायचं. आणि ग्लुकोजचं सलाईन चढवण्याआधी थायमिन (म्हणजे बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं, नाहीतर पोटाची आबाळ झालेल्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एवढं समजलेली एक नर्स गावात असणं मला पुष्कळ वाटतं.

अफूवर्गीय नशेत धोका उलट्या बाजूने येतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो. त्यामुळे उपचार घेऊन नुकत्याच घरी परतलेल्या माणसाची काळजी जास्त घ्यायची. नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने श्वास परत येतो, पण त्याचा असर नशेच्या आधी ओसरू शकतो. शुद्धीवर आला म्हणून त्याला एकटं सोडून निघून जायचं नाही.

बोलायचं कसं, याला मात्र सर्वांत जास्त वेळ जातो. जोड्या लावून सराव घेते. समुपदेशक झालेला हमखास म्हणतो, "काका, हे सोडायलाच हवं, पोरांकडे बघा." समोरचा हाताची घडी घालतो नि पिण्याची वकिली सुरू करतो. मग तोच प्रसंग फिरवून घेते: "काका, पिण्यातनं तुम्हाला काय मिळतं? आणि त्यापायी काय हातचं जातंय?" आता सोडण्याची कारणं काका स्वतःच सांगू लागतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. ऐकायला सोपी, पण उपदेशाची सवय मोडताना भल्याभल्यांची दमछाक होते.

गावात आणखी एक पेच असतो. केंद्राबाहेर कोणाची गाडी उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळतं. समुपदेशक रुग्णाचाच मावसभाऊ निघतो. म्हणून रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीलाच जोडून काम करायला सांगते. दारू पिणं कितपत धोक्याचं आहे ते जोखणारी, जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी तिथेच, इतर प्रश्नांच्या ओघात उरकते. आणि घरच्यांनी न सांगता जेवणात डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) मिसळायचं म्हटलं, तर साफ नकार द्यायचा. वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय एकदा हे उघड झालं की तो माणूस औषधाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

राहिला प्रश्न वर्ग संपल्यानंतरचा, कारण शिकलेलं विरतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला, तो हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी. दूरच्या खेड्यांतले डॉक्टर ठरावीक वेळी व्हिडिओवर जमायचे, आपले रुग्ण मांडायचे, तज्ज्ञ आणि सहकारी मिळून वाट काढायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे निकाल विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच चांगले आले. पुढे व्यसन-उपचारासाठीही हीच रीत वापरली गेली.

त्यामुळे आयोजकांचा फोन आला की सभागृह, जेवणखाण यांच्या आधी मी विचारते: नंतरच्या सहा महिन्यांच्या बैठका कोण चालवणार? नाव सांगता आलं नाही, तर मी तारीख देत नाही.