विराम की विसर?

येत्या हंगामाचा कागद परवा तालमीच्या खोलीच्या दारावर लागला. तीन नाटकांची नावं, तारखा आणि खाली रकाने: नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, प्रॉपर्टी, तिकिटं आणि सगळ्यात शेवटी प्रॉम्प्टर, म्हणजे वाक्य विसरलेल्या नटाला ते आडोशातून हळूच सांगणारा. बाकीचे रकाने रिकामे होते, नाहीतर त्यांत कुणी कुणी पेन्सिलीनं, पुढेमागे खोडता येईल अशा बेतानं, आपली नावं घातली होती. शेवटच्या रकान्यात माझं नाव होतं. पेनानं. आणि अक्षर माझं नव्हतं.

राग यायला हवा होता. त्याऐवजी मी ते नाव जाता जाता दोनदा वाचलं.

या मंडळात मी शिरले ती गेल्या हंगामात. ऑफिसातली एक मैत्रीण तिथे रंगभूषा करते. ती म्हणाली, "चल गं एकदा, नुसतं बसायला." नाटकाच्या तालमीला नुसता बसायला गेलेला माणूस नुसता बसून परत आलाय, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. पहिल्या दिवशी तुम्ही खुर्च्या लावता. दुसऱ्या दिवशी न आलेल्या कुणाची तरी वाक्यं वाचता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "उद्या जरा लवकर याल का?" त्या 'जरा'मध्ये पुढचे चार महिने मावलेले असतात.

जर्मनीत ओबरआमरगाऊ नावाचं गाव आहे. तिथले गावकरी 1634 पासून येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करत आले आहेत, साधारण दर दहा वर्षांनी एकदा. त्यात काम मिळायला माणूस गावात जन्मलेला तरी हवा, नाहीतर 20 वर्षं तिथे राहिलेला तरी. वर आदल्या वर्षापासून केस आणि दाढी वाढवायची. आमच्या मंडळाची अट एकच, संध्याकाळी साडेसातला मोकळं असणं. प्रत्यक्षात हीच जास्त कडक निघते. दाढी आपोआप वाढते, संध्याकाळ आपोआप मोकळी होत नाही.

वाचनाला मला एक पान मिळालं. मी जीव ओतून वाचलं, शेवटच्या ओळीला डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. दिग्दर्शक म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत तुमचे. आता हेच जरा हळू आवाजात वाचाल?" वाचलं. "अजून हळू." तेही वाचलं. "अजून." मला वाटलं, हे माझ्यातला सूक्ष्म अभिनय शोधताहेत. ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, कानाला हात लावला आणि खूश होऊन म्हणाले, "इथे काही ऐकू येत नाही. उत्तम!"

अशी मी प्रॉम्प्टर झाले.

नाटकवाल्यांची भाषा मजेशीर असते. नाटक आधी बसवतात. बसलं की ते उभं राहतं. उभं राहिलं की मग चालतं, किंवा पडतं. एखाद्या बाळाच्या वाढीचा तक्ता भिंतीवर लावावा तसं सगळं, आणि बाळासारखंच तेही घरातल्या सगळ्यांची झोप घेतं. खर्चाचंही तसंच. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हॉलला असतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण कुठल्या तरी नाटक मंडळाच्या खजिनदारालाच सुचली असणार. म्हणून तर हंगामातल्या तीन नाटकांपैकी एक हमखास हसवणारं असतं. त्याच्या तिकिटांवर दुसरं, दिग्दर्शकांच्या मनातलं, गंभीर नाटक जगतं. तिसरं कशासाठी असतं ते अजून मला कळलेलं नाही. बहुधा मंडळातल्या ज्यांना पहिल्या दोघांत काम मिळालं नाही, त्यांच्यासाठी.

आमचा गेल्या वर्षीचा नायक बँकेत नोकरीला. तो रोज अर्धा तास उशिरा येई आणि आला की हमखास रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचं नाव काढी. त्यांचं मॉस्को आर्ट थिएटर 1898 साली उभं राहिलं, पण त्याआधी कित्येक वर्षं हा गृहस्थ दिवसा घरचा कारखाना बघायचा आणि हौशी मंडळींबरोबर नाटकं करायचा. माहिती खरी आहे. पण स्तानिस्लावस्की तालमीला उशिरा जात, असं त्यात कुठेही येत नाही, एवढं दिग्दर्शक दरवेळी शांतपणे लक्षात आणून देत.

तर प्रॉम्प्टिंग. विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता आणि निळा कागद लावलेला बारका दिवा. निळा अशासाठी की त्याचा उजेड रंगमंचावर सांडू नये. फ्रेंचांकडे प्रॉम्प्टरला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फुंकणारा' असा होतो. छान आहे शब्द, पण फसवा. फुंकल्यासारखं कुजबुजलात तर 'स' आणि 'श' थेट तिसऱ्या रांगेत पोचतात आणि नटाला काहीच ऐकू येत नाही. कुजबुजायचं नाही, खालच्या पट्टीत बोलायचं. सबंध वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, तेही कामाचे. सुरुवातीला मी 'पण' देत असे. आमच्या नाटकातलं निम्मं बोलणं 'पण'नंच सुरू होत होतं. एकदा नायिकेनं माझा 'पण' घेतला आणि सरळ चार पानं पुढचं वाक्य म्हटलं. त्या दिवशी मधल्या चार पानांत घरी यायचा मामा आलाच नाही. तो विंगेत माझ्याशेजारी मिशा लावून उभा होता. "म्हणजे मी आता काय करू?" असं त्यानं मला विचारलं तेव्हा माझ्याकडे तेवढे दोन-तीन शब्दसुद्धा नव्हते.

ही सगळी कारागिरी शिकता येते. खरी अडचण निराळीच होती.

आमच्या नाटकात वडिलांचं काम करणारे काका निवृत्त आहेत, आवाज भरदार, आणि रंगमंचावर उभे राहिले की नुसतं उभं राहणंही बघत राहावं असं. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून निघतो, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, "किल्ली ठेवून जा." पहिल्या प्रयोगाला ते त्या जागी आले आणि थांबले. मी मनात मोजलं, एक, दोन. तिसऱ्याला माझा धीर सुटला. मी म्हटलं, "किल्ली ठेवून…" प्रेक्षागृहात इतकी शांतता होती की ती किल्ली सगळ्यांना ऐकू गेली. काकांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं आणि भूमिकेतला तोल जराही न सोडता म्हणाले, "माहीत आहे मला." लोकांना वाटलं, आत बायको आहे, ती बोलली. टाळी पडली.

प्रयोग संपल्यावर ते मेकअप पुसत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. आरशातूनच म्हणाले, "बाई, तो माझा विराम होता."

दुसऱ्या प्रयोगाला मी शहाणी झाले होते. तीच जागा आली, काका थांबले. मी ओठ घट्ट मिटून घेतले. काय थांबले होते! मी तर भारावून गेले. मोजणं सोडून दिलं. शेवटी मुलाचं काम करणाऱ्यानंच खिशातून किल्ली काढली, टेबलावर आपटली आणि निघून गेला.

"अहो, आज का नाही बोललात?" काका मेकअप न पुसताच माझ्याकडे आले. "पार कोरा झालो होतो मी."

"मला वाटलं, विराम आहे."

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोग कशाकशानं बिघडतो याची एक यादी आहे. त्यातली दैवी संकटं वाचताना मजा वाटते: वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मांडव कोसळणं, मुंग्या शिरणं. त्याच्याच पुढे नटाचे स्वतःचे दोष येतात आणि त्यात एक शब्द आहे, 'स्मृतिप्रमोष'. प्रमोष म्हणजे चोरी. विसरणं म्हणजे आळस नाही, पाठांतराची हयगय नाही, कुणीतरी आठवण चोरून नेली. इतका दयाळू शब्द मी दोषांच्या यादीत कधी पाहिला नव्हता. हत्तीच्या आणि मुंग्यांच्या पंगतीला बसवला, म्हणजे तेव्हाही तो प्रकार अधूनमधून होतच असणार. मी काकांना तो सांगितला. त्यांना फार आवडला. आता ते विसरले की "चोरी झाली" एवढंच म्हणतात आणि आपल्याकडे काही जबाबदारी ठेवत नाहीत.

पण चोरी झालीय की धनीच दार उघडून उभा आहे, हे विंगेतून ओळखायचं कसं? काही लेखक मदत करतात. हॅरॉल्ड पिंटर यांच्या संहितांत थांबण्याचे तीन प्रकार छापलेले असतात: नुसती टिंबं, 'विराम' आणि 'शांतता'. तिन्हींचं वजन वेगळं. आमच्या संहितेत फक्त टिंबं होती आणि ती कुठे तीन, कुठे सात. सात म्हणजे जास्त थांबायचं का, असं मी दिग्दर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "टाइप करताना बोट राहिलं असेल हो बटणावर."

मग मी स्वतःच खुणा करायला लागले. तालमीत प्रत्येक जण कुठे थांबतो ते बघायचं आणि पेन्सिलीनं तिथे उभी रेघ मारायची, जितकं थांबणं तितकी लांब. महिन्याभरात संहिता रेघांनी भरली. पण रेघेच्या जागीही माणूस विसरतोच की. तेव्हा कान सोडून मी डोळ्यांवर भिस्त ठेवली. विरामातला माणूस कामात असतो. श्वास घेतलेला असतो आणि तो धरून ठेवलेला असतो. विसरलेल्या माणसाचा श्वास सुटतो. हात उगीच गुंडीकडे जातो, पापण्या फडफडतात. विरामात नजर समोर असते, विसरात ती आत वळते, घरात वस्तू शोधावी तशी.

सगळ्यात खात्रीची खूण मात्र मला फार उशिरा सापडली. विसरणाऱ्याकडे बघायचंच नाही. त्याच्या समोर उभं असलेल्याकडे बघायचं. नट चांगला असला तर विसरला तरी चेहरा सांभाळतो, समोरच्याला ते जमत नाही. त्याची मान ताठ होते, आणि जे वाक्य आपलं नाही ते त्याच्या ओठांवर हलायला लागतं. मुलाचं काम करणाऱ्याचे ओठ हलले की मी बोलते. हंगामाच्या शेवटच्या सहा प्रयोगांत एकदाही चुकले नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, येऊही नये. चांगल्या प्रॉम्प्टरचं कौतुक प्रेक्षकांतून आलं तर त्याचा अर्थ तो ऐकू आला.

याचा घरी जरा त्रास झाला. पूर्वी कुणी बोलता बोलता अडखळलं की मी पटकन शब्द पुरवत असे. नवऱ्याची वाक्यं तर मी वीस वर्षं पूर्ण करत आलेय, बरेचदा त्याच्या मनात नसलेल्या शब्दांनी. आता मी थांबते. परवा तो बोलता बोलता मध्येच थांबला. मी त्याच्या श्वासाकडे बघत राहिले.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

"काही नाही. बोल की. विराम आहे ना?"

"कसला विराम? मी काय म्हणत होतो तेच विसरलो."

तर आता नवा हंगाम. परवा दारावरच्या कागदासमोर उभी होते तेव्हा दिग्दर्शक मागून आले. "तुमच्यासाठी एक काम आहे, पहिल्या नाटकात. छोटं आहे. शेजारीण. दोन वाक्यं." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचार करते असंसुद्धा म्हटलं नाही. मग रात्री झोप लागेना. दोन वाक्यं, एकंदर अकरा शब्द. गेलं वर्षभर मी दुसऱ्यांचे हजारो शब्द पाठ नसताना सांभाळले आणि हे अकरा मला आंघोळ करताना, बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये म्हणून बघावे लागताहेत. लिफ्टमध्ये एकदा मोठ्यानं गेले. "दार उघडं दिसलं म्हणून आले," असं मी एका अनोळखी बाईंना सांगितलं. त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या.

आता माझ्या एन्ट्रीच्या वेळी स्टुलावर कुणीतरी हवं. यंदा कॉलेजातला एक मुलगा आलाय, नुसतं बसायला. त्याला मी शिकवतेय: 'पण' द्यायचा नाही, 'स' सांभाळायचा, ओठ कुणाचे बघायचे. पोरगा हुशार आहे, सगळं वहीत लिहून घेतो. काल संहिता पुढे ओढून त्यानं माझ्या दोन वाक्यांवर पेन्सिल टेकवली.

"ताई, यांच्या मध्ये तुमचा विराम आहे का?"

"आहे," मी म्हटलं आणि त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन तिथे चांगली लांब रेघ मारली.

संहितेत तिथे एक टिंबसुद्धा नाही.