चौथी कडी पण गेली (लव्हस्पून, अपडेट ५)

नवीन वाचणाऱ्यांसाठी: लव्हस्पून म्हणजे वेल्समध्ये प्रेमाची भेट म्हणून देतात तो कोरीव लाकडी चमचा, आणि माझ्याच्याला त्याच लाकडातून कोरलेली, जोड नसलेली साखळी लटकवायची होती. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना की साखळी जमली, आता फक्त शेवटची कडी लाकडातून सोडवायची बाकी? तर काल रात्री साडेअकराला ती सुटली. सुटल्यावर मी तिला पाच मिनिटं नुसता हलवत बसलो, खुळखुळा मिळालेल्या पोरासारखा. आणि मग कोपरे गोल करायला घेतले आणि कट्ट. आवाज एवढा बारीक की मला आधी वाटलं चाकूचं टोक गेलं.

साखळीची मापं काहींनी विचारली होती ती अशी: २८ मिमी चौकोनी ठोकळा, सिकॅमोरचा (एक फिकट रंगाचं लाकूड), त्यातून अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस, हात ९ मिमी जाड, म्हणजे मध्ये १० मिमीची फट राहते आणि समोरची कडी जेमतेम फिरते. कडीची लांबी ४०. सोडवताना ९ ची जाडी तशीच ठेवायची आणि सगळ्या सुटल्या की मग ६ वर आणायची, हे मी पहिल्या साखळीच्या (दुसऱ्या कडीवर मेली ती, अपडेट ३) अनुभवावरून शिकलो होतो. म्हणजे घाई केली असंही नाही.

रात्रभर मी कडीच्या टोकाच्या कमानीलाच शिव्या घातल्या. आपल्या सगळ्यांचं ठरलेलं दुखणं तेच ना, कडीच्या टोकाला ग्रेन (लाकडाच्या तंतूंची दिशा) आडवा जातो, शॉर्ट ग्रेन, बिस्किटासारखा तुटतो. पण सकाळी चहा घेताना तुकडा उजेडात धरला तर कडी कमानीत तुटलेलीच नाही! लांब बाजूत तुटलीये, जिथे ग्रेन सरळ असायला पाहिजे तिथे, पार खालच्या टोकाजवळ, आणि तीही तिरकी, पेन्सिल तासल्यासारखी.

बुधवारच्या आमच्या कार्व्हिंग ग्रुपमध्ये (कार्डिफमध्येच, घरापासून बसने वीस मिनिटं) एक आजोबा आहेत, ऐंशीच्या आसपासचे, जास्त बोलत नाहीत. त्यांना दाखवलं. त्यांनी तुटलेल्या कडीकडे बघितलंही नाही, त्याच ठोकळ्याचा उरलेला तुकडा मागितला, उभा ठेवला, वर फ्रो (लाकूड फोडायचं लांब पातं) ठेवून एक टोला हाणला. चीर मधून सुरू झाली आणि अर्ध्यातच बाजूने बाहेर पडली. बस. लाकूड कापताना करवतीने सरळ कापलं होतं, पण आतला ग्रेन तिरका धावत होता, त्यामुळे माझ्या प्रत्येक कडीची प्रत्येक बाजू थोडी थोडी शॉर्ट ग्रेनच होती. पहिल्या तीन कड्या टिकल्या हेच नवल.

तर मंडळी, साखळी करायची असेल तर करवतीने कापलेला ठोकळा घेऊ नका, फोडलेलं लाकूड घ्या, सरपण फोडतो तसं. फुटताना लाकूड स्वतःच्या रेषेनेच फुटतं, खोटं बोलत नाही. ऑनलाइन घेतलेल्या त्या ठोकळ्यावर तसा मला आधीच डाऊट होता, एका बाजूला राखाडी पट्टा होता, सिकॅमोरच्या फळ्या आडव्या रचून वाळवल्या की मधल्या पट्ट्यांचे डाग पडतात तो. म्हणून तर जुने लोक सिकॅमोर उभा करून वाळवायचे. दुकानदाराला फोटो पाठवला तर म्हणे नैसर्गिक सौंदर्य. असो.

एक गोष्ट मात्र भारी झालीये, चमच्याची वाटी. हुक नाइफने (वाकड्या पात्याचा चाकू, मोरा १६४, नवीन आला तेव्हा धार यथातथाच होती, पण स्ट्रॉपवर, म्हणजे धारेच्या चामड्याच्या पट्ट्यावर, अर्धा तास घासला आणि आता लोण्यासारखा चालतो) शेवटचे पापुद्रे निघाले ते आरपार दिसत होते. सँडपेपर लावणार नाही, कितीही भांडा. चाकूचे पैलू दिसलेच पाहिजेत.

रविवारी परत इथल्या, कार्डिफच्या, सेंट फॅगन्सच्या म्युझियमला गेलो. तिथला १६६७ साल कोरलेला चमचा बघितला की मला दरवेळी लाज वाटते, ना एलईडी दिवा ना डायमंड फाइल, आणि हे काम. पोराच्या हातात कसब आहे का हे मुलीच्या बापाला कळावं म्हणून पण हे चमचे असायचे म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी ही साखळी बघितली असती तर अवघड होतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "एवढा खटाटोप केलास आणि त्याने साधी आमटी पण वाढता येणार नाही?"

आता पुढे काय. प्लॅन होता २५ जानेवारीला, संत द्विनवेनच्या दिवशी (वेल्सचा व्हॅलेंटाइन डेच), बायकोला द्यायचा. तिसरी साखळी तोवर होत नाही. सुपरग्लूने चिकटवू? तीन कड्या एकसंध आणि चौथी चिकटवलेली, मला रोज दिसेल ते. लिहिता लिहिता सुचतंय, चौथीची खालची कमान पूर्ण कापून टाकली तर वरची उरते ती चक्क घोड्याचा नाल! नाल चमच्यांवर असतोच, नशिबाचा. बायकोला आत्ताच सांगितलं तर म्हणते तोंड खाली आहे, सगळं नशीब सांडेल त्यातून. बरोबर आहे, लटकताना उलटाच राहणार.

मग साखळीऐवजी पिंजरा. आजोबांकडे शेडमध्ये वाळलेला लाइमचा (लिंबू नव्हे, लिंडनचं झाड) फोडलेला तुकडा आहे, देतो म्हणालेत. चार दांड्या, सगळ्या ग्रेनच्या दिशेने, आत एक गोटी. गोट्या म्हणजे मुलांची संख्या असं इथे सांगतात, आम्हाला एकच मुलगी, म्हणजे कामही कमी. दांडा सिकॅमोरचा आणि पिंजरा लाइमचा असं जोडकाम मात्र नाही, एकाच लाकडातून निघालं पाहिजे, म्हणजे ती सुंदर वाटी पण परत करायची. हे आत्ता लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

तोवर एक मदत हवी: पिंजऱ्याच्या आत गोटीच्या मागच्या बाजूला माझा मोरा १२० चाकू पोचत नाही, दांडीला घासतो. ३ मिमीची वाकडी पटाशी कोणी वापरलीये का, की जुन्या सुईफाइलला तापवून वाकवू?