लेकाचा स्वेटर झाला एकदाचा, पण गळ्याने घाम फोडला

पाठ, पोट, बाह्या सगळं कसं भराभर झालं. चार प्लाय लोकर, बॉर्डरला 12 नंबरच्या सुया आणि अंगाला 10 नंबर (नंबर जितका लहान तितकी सुई जाड), दोन वर्षाच्या मुलाला 78 टाके, सुलट-उलट काही त्रास नाही. अडलं ते गळ्यापाशी, आणि राग मला त्या छापील नमुन्याचा आहे. बॉर्डरची प्रत्येक ओळ समजावून सांगतात आणि गळा आला की "टाके उचलून बॉर्डर विणा व बंद करा", संपलं! किती उचलायचे, बंद कसे करायचे (म्हणजे शेवटचे टाके सुईवरून उतरवून काठ पक्का कसा करायचा), काहीच नाही.

तसं विणलं तर गळा दिसायला सुंदर, पण लेकाच्या डोक्यातून जाईना. कपाळाशी अडकला, कान दुमडले, तो रडून लाल. अहो, दोन वर्षाच्या मुलाचं डोकं छातीपेक्षा जेमतेम लहान असतं, माझ्या लेकाचं 19 इंच भरलं, मग मोठ्या माणसाच्या हिशोबाने गळा कसा चालेल? रिब (सुलट-उलट टाक्यांची बॉर्डरची विण) ताणते हो, पण बंद केलेला काठ ताणत नाही. हाताने ओढून बघितलं तर पट्टी मस्त सैल आणि वरची कड मात्र सुतळीसारखी ताठ.

सगळी पट्टी उसवली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बंद करताना जाड सुई घे." 8 नंबरच्या सुईने बंद केलं तर खरंच जमीन-अस्मानाचा फरक पडला, डोकं गेलं, पण ओढाताण होतीच. मग पुन्हा उसवून डावा खांदाच उघडा ठेवला. गळ्याची पट्टी दोन सुयांवर सपाट विणली, नंतर खांद्याच्या दोन्ही कडांचे टाके उचलून सहा-सहा ओळींच्या पट्ट्या केल्या, पुढच्या पट्टीत काजं (लोकर पुढे घ्यायची आणि दोन टाके एकत्र विणायचे, झालं काज), मागच्या पट्टीवर तीन चपटी बटणं. आता बटणं काढली की आरामात घालता येतो, आणि पोरगं हूं की चूं करत नाही! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

टाके उचलताना उभ्या कडेला चार ओळींमागे तीनच उचला, नाहीतर पट्टीला झालर पडते. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, विणायला घेण्याआधी मुलाचं डोकं टेपने मोजा, नमुन्यात वय लिहिलेलं असलं तरी. बटणं पक्क्या दोऱ्याने शिवा, पोरं चावतात. लोकर एकाच लॉट नंबरची (एकाच वेळी रंगवलेली) एकदम घ्या, एखादा गुंडा जास्त झाला तरी चालेल, नंतर तीच शेड मिळेलच असं नाही. अॅक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात फिरवू नका, विण चपटी होऊन स्वेटर लोंबतो. धुतल्यावर सपाट पसरून सावलीत वाळवा.