हिमावारीच्या कच्च्या फाइल्सपासून ढगाच्या तापमानापर्यंत

उपग्रहाची तयार चित्रं कुठेही बघायला मिळतात, पण मला ढगाच्या माथ्याचं तापमान आकड्यांत हवं होतं. म्हणजे कच्च्या डेटाला हात घालणं आलं. मी जपानचा हिमावारी-९ हा हवामान उपग्रह निवडला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून तो दर १० मिनिटांनी पृथ्वीची समोरची अख्खी बाजू १६ बँडमध्ये (प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत) टिपतो, आणि हा डेटा मोफत मिळतो.

सगळे बँड उतरवायच्या भानगडीत पडू नका. अर्धा किलोमीटर बारकाव्याच्या लाल बँडचं एक चित्र २२,००० गुणिले २२,००० पिक्सेलचं असतं; इन्फ्रारेडचं ५,५०० गुणिले ५,५००. शिवाय प्रत्येक बँड उत्तरेकडून दक्षिणेकडे १० तुकड्यांत येतो. मला लागणारे तुकडे तेवढेच घेतले आणि काम आवाक्यात आलं. पुढचं वाचन, कॅलिब्रेशन (कच्च्या आकड्यांचं तापमानात रूपांतर) आणि नकाशावर बसवणं पायथनच्या सॅटपाय लायब्ररीने केलं. ते सुरळीत झालं.

खरा वेळ गेला तो जागा जुळवण्यात. उपग्रह तिरका बघत असेल तर उंच ढग नकाशावर सरकलेला दिसतो. तिरकेपणा ४५ अंश आणि माथा १२ किलोमीटरवर असेल, तर फरकही साधारण १२ किलोमीटरचा पडतो. ढग कोणत्या गावावर आहे हे सांगायचं असेल, तर ही दुरुस्ती टाळता येत नाही. वेळेचंही तसंच: फाइलच्या नावात स्कॅन सुरू झाल्याची वेळ असते, विषुववृत्ताची पाळी त्यानंतर सुमारे पाच मिनिटांनी येते.

एवढं झाल्यावर १०.४ मायक्रोमीटरच्या, म्हणजे ढगाच्या माथ्याचं तापमान देणाऱ्या इन्फ्रारेड बँडची लागोपाठची दोन चित्रं एकमेकांतून वजा केली. बहुतेक ठिकाणी फरक नगण्य. एका छोट्या ढगाचा माथा मात्र झपाट्याने थंड होत होता, म्हणजे तो वर चढत होता. नुसत्या डोळ्यांना तो शेजारच्या ढगांसारखाच दिसत होता; पुढच्या काही चित्रांत त्याचा माथा गडगडाटी ढगासारखा, ऐरणीच्या आकारात पसरला. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह एका जागेवरून दिवसाकाठी एक-दोनदाच जातो, त्याच्या हाती ही वाढ क्वचितच लागेल. माझ्या मते हिमावारीसारख्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या) उपग्रहाची किंमत इथे आहे, चित्राच्या बारकाव्यात नाही.

आता ३.९ मायक्रोमीटरच्या बँडवरून वणवे शोधायला घेतलं आहे. दिवसा त्यात सूर्याचा परावर्तित प्रकाशही मिसळतो, त्यामुळे प्रत्येक तापलेला पिक्सेल १०.४ च्या बँडशी ताडून बघावा लागतो.