सोसायटीसाठी ई-मेल निवडताना

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार त्या त्या सचिवाच्या खाजगी मेलवर चालायचा. समिती बदलली की जुनी पत्रं जुन्या सचिवाकडेच राहायची. सचिवपद माझ्याकडे आलं तेव्हा सोसायटीच्या नावाचा वेगळा मेल काढायचं ठरलं आणि तो कुठला घ्यायचा हे पाहायचं काम माझ्यावर आलं. जीमेल, आउटलुक आणि झोहोवर फुकटची खाती उघडली. सभासदांच्या तक्रारी, कंत्राटदारांची कोटेशनं अशी नेहमीची पत्रं तिन्हींकडे पाठवली आणि अध्यक्षांना व खजिनदार काकूंना लॅपटॉपसमोर बसवलं.

जागा किती मिळते याकडे मी फारसं पाहिलं नाही. ड्राइव्ह आणि फोटो धरून जीमेल १५ जीबी देतं. सोसायटीला ते पुष्कळ झालं. आलेलं पत्र सहा महिन्यांनी सापडेल का, आणि ते मी सोडून दुसऱ्या कोणाला सापडेल का, हे मला बघायचं होतं.

आउटलुक आणि झोहोची मांडणी मुख्यतः फोल्डरची आहे. पत्र एका वेळी एकाच फोल्डरमध्ये असतं. जीमेलमध्ये लेबलं असतात, आणि लिफ्टच्या देखभालीच्या बिलाला ‘लिफ्ट’ आणि ‘हिशेब’ ही दोन्ही लेबलं लावता येतात. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी जागा देत होतं आणि जीमेलने एकदम १ जीबी दिली. पत्रं पुसत बसायची गरजच उरली नाही. ठेवून द्या आणि लागेल तेव्हा शोधा, या विचारावर त्याचा पडदा बेतलेला आहे. मला तो आवडतो. पण अध्यक्षांनी फोनवर एका पत्रावरून बोट सरकवलं, पत्र इनबॉक्समधून गेलं आणि ते घाबरले. पुसलं गेलं नव्हतं, अर्काइव्ह झालं होतं. ‘ऑल मेल’मध्ये ते होतंच. पण ज्या माणसाने सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळल्या, त्याला कागद कुठल्या फाईलला आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. फोल्डर त्यांना लगेच पटले.

सर्वात जास्त वेळ गेला तो संभाषणाच्या मांडणीत. एकाच विषयाची उत्तरं जीमेल एका धाग्यात बांधतं आणि सगळ्यात नवं पत्र तळाशी ठेवतं. आउटलुकमध्ये नवं वर असतं. आमचे सभासद जुन्या मेलला उत्तर देत नवी तक्रार लिहितात, विषय तोच ठेवतात. पार्किंगच्या धाग्यात गच्चीची गळती येते! धागा बांधला की अशी तक्रार आतच राहते. ही सोय दोन्हीकडे बंद करता येते आणि सोसायटीसारख्या ठिकाणी ती बंदच असावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पत्रं आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत टाकणारे जीमेलचे टॅब आणि आउटलुकची ‘फोकस्ड’ विभागणीही मी बंद केली. रंगकामाचं कोटेशन जाहिरातींत जाऊन बसणं आम्हाला परवडणारं नाही.

झोहोचा पडदा मला सगळ्यांत शांत वाटला. चेन्नईच्या या कंपनीच्या फुकट खात्यातही जाहिराती नाहीत, आणि काकूंचं मत त्याच्याच बाजूने होतं. स्वतःपुरतं खातं घ्यायचं असतं तर मीही तेच घेतलं असतं.

तरीही निवड जीमेलची झाली, ती एका सोयीमुळे. जीमेलच्या फुकट खात्यातही पासवर्ड न देता दहा जणांपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. संगणकावर सेटिंग्जमध्ये खात्यांच्या टॅबखाली त्यांचा जीमेल पत्ता घालायचा. त्यांना निमंत्रण जातं, ते आठवड्याच्या आत स्वीकारावं लागतं. मग ते आपापल्या खात्यातूनच सोसायटीची पत्रं वाचतात, उत्तरं देतात. पासवर्ड बदलणं त्यांच्या हातात नसतं. समिती बदलली की जुनी नावं काढायची, नवी घालायची. लॉगिन करताना माझ्या फोनवर येणाऱ्या ओटीपीसाठी काकूंनी मला दुपारी फोन करायची वेळ येत नाही.

अध्यक्षांसाठी विषयवार लेबलं केली आणि ‘मूव्ह टू’ वापरायला शिकवलं. त्याने लेबल लागतं आणि पत्र इनबॉक्समधून निघतं, म्हणजे फोल्डरसारखंच. फोनवर बोट सरकवल्यावर काय व्हावं तेही सेटिंग्जमधून बदलून दिलं. गळती, गळतीचा, गळतीमुळे अशी शब्दांची रूपं बदलत असल्याने शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येक उत्तराच्या विषयात सदनिका क्रमांक लिहायचा नियम केला. दुहेरी पडताळणीत (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतात ती) फोन हाताशी नसेल तर वापरायला गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून, पाकिटात सीलबंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवले आहेत, आणि समितीच्या हस्तांतराच्या यादीत त्या पाकिटाची नोंद केली आहे.