तुम्ही विचारलेत म्हणून: सभासद कशासाठी व्हायचे?

"चर्चेला कोणीही येऊन बसू शकते, मग वाचनालयाचे रीतसर सभासद कशाला व्हायचे?" बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवते. आमच्या वाचनालयातील गुरुवारच्या चर्चामंडळात मी नऊ वर्षे नुसती श्रोता म्हणून बसत होते, तेव्हा मीही हेच विचारत असे. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, तेथे नाव नोंदवण्याची अट हवी कशाला, असे माझे म्हणणे असे. ते मला आजही चूक वाटत नाही. मात्र वाचायला मिळणे आणि संस्थेचे काय व्हावे हे ठरवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळले.

सभासदाला सभेची सूचना घरपोच येते, हिशेब पाहता येतात, कोणते पुस्तक घ्यावे हे लेखी सुचवता येते. हे सगळे खरे असले, तरी मला अधिक लागले ते इतिवृत्त. एकदा जुनी वही चाळताना माझाच मुद्दा सापडला, आणि त्यापुढे लिहिले होते, "उपस्थितांपैकी एकाने विचारले." पुढच्या गुरुवारी तो मुद्दा कोणी पुढे नेला नव्हता, कारण तो कोणाचा हेच नोंदलेले नव्हते.

तरीही मी अर्ज भरला नाही. शेजारचे काका दरवर्षी कोरा अर्ज आणून देत आणि म्हणत, "अगं, सूचक म्हणून माझी सही आहे, तू फक्त नाव घाल." मी तो घडी करून कपाटाच्या खणात ठेवत असे. वेळ नाही, असे मी सांगत असे, पण खरे कारण निराळे होते: नाव लागले की बोललेल्या शब्दाची जबाबदारीही लागते, आणि मला ती नको होती.

मग ती वार्षिक सभा झाली. छताच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून सभागृह रोज संध्याकाळी एका शिकवणी वर्गाला भाड्याने द्यावे, असा ठराव आला. म्हणजे गुरुवार बंद. गुरुवारी नेमाने येणारे आम्ही पाच जण मागच्या बाकावर होतो. मतदानाच्या वेळी मी हात वर केला. चिटणीसांनी यादीवरून बोट फिरवले आणि शांतपणे विचारले, "आपले नाव?" मी नाव सांगितले. त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "नाही आहे." त्यांचे काही चुकले नव्हते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, अशा सभासदालाही मत देता येत नाही. मी तर सभासदच नव्हते. हात खाली घेताना माझी बांगडी बाकाच्या पाठीवर वाजली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. चौदा विरुद्ध अकरा मतांनी ठराव मंजूर झाला. मागच्या बाकावरच्या पाच जणांची नावे यादीत असती, तर तो पडला असता. काका बाहेर आले आणि माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

येथे कोणी म्हणेल की त्या चौदांपैकी कित्येक जण एकाही गुरुवारी फिरकले नव्हते, मग अशा सभासदत्वाला काय अर्थ? हा आक्षेप मी स्वतःही घेते आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. छत गळत होते हेही खरे. पण जे येत नव्हते त्यांची नावे यादीत होती आणि जी येत होती तिचे नव्हते, यासाठी दोष मी त्यांना कसा देऊ?

आता आम्ही सहा जण गुरुवारी एका घराच्या ओसरीवर बसतो. नाव आणि वर्गणी नोंदवल्याशिवाय कोणी बोलू नये, असा नियम मी पहिल्याच दिवशी सुचवला. पाच जणांनी तो नाकारला, आणि सर्वांत आधी काकांनी.